उस्ताद गेल्यानंतरची कविता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गाणं शिकायचं तर गुरू हवा, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मैफलीत गवई आपल्या गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो आणि त्या एका खुणेतून घराणं, तालीम, वर्षानुवर्षांचा रियाज, सारं काही श्रोत्यांपर्यंत पोचतं. कवितेच्या बाबतीत मात्र आपण वेगळंच बोलतो. कविता काय शिकवून येते का, असं विचारतो. कवी जन्मावाच लागतो, असं म्हणून विषय संपवतो.

मराठी कवितेत गुरूचं स्मरण नाही असं नाही. नामदेवांनी विसोबा खेचरांना वंदन केलं, संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं. परंतु हे गुरू आत्मज्ञान देणारे. 'ही मात्रा जास्त झाली', 'हा शब्द इथे उपरा वाटतो', असं सांगून वहीतली ओळ खोडणारा गुरू वेगळा. तो मोक्षाची वाट दाखवत नाही, वाक्य नीट करून देतो. तरीही ज्याचं वाक्य त्यानं नीट केलं तो लिहिणारा जन्मभर त्याला विसरत नाही. अशा गुरूंविषयी त्यांच्या शिष्यांनी काय लिहिलं आणि कलावंतांनी त्यांची आठवण कशी जपली, याविषयी आज बोलायचं आहे. त्यासाठी मी तुम्हाला उर्दूच्या अंगणात नेणार आहे. कारण लिहायला शिकवणाऱ्या माणसाला तिथे जेवढा मान मिळाला तेवढा क्वचितच कुठे मिळाला असेल.

उर्दू शायरीत या नात्याला नावं आहेत. शिकवणारा तो उस्ताद, शिकणारा तो शागिर्द आणि दोघांमधला जो व्यवहार चालतो त्याचं नाव इस्लाह. इस्लाह म्हणजे सुधारणा, दुरुस्ती. शागिर्दानं गझल लिहायची, ओळींच्या मध्ये ऐसपैस जागा सोडायची आणि कागद उस्तादाकडे द्यायचा. उस्ताद आधी वजन पाहणार, म्हणजे वृत्त कुठे लंगडत तर नाही ना. मग काफिया आणि रदीफ, म्हणजे यमक आणि अंत्यपद, नेमकं बसलंय की नाही. मग भाषा. अमुक वाक्प्रचार दिल्लीत असा वापरतात का? आणि शेवटी सर्वांत अवघड गोष्ट, शेराच्या दोन ओळी एकमेकींना धरून आहेत की नुसत्याच शेजारी बसल्या आहेत. जो शेर पसंत पडला त्याच्यासमोर उस्ताद 'स्वाद' हे अक्षर काढी. 'सही' या शब्दाचं ते पहिलं अक्षर. त्या एका अक्षरासाठी शागिर्द महिनामहिना वाट पाहत.

ही दुरुस्ती कशी चालत असेल याची कल्पना यावी म्हणून मराठीतलंच एक साधं उदाहरण घेऊ. समजा, नवशिक्या कवीनं लिहिलं, 'माझ्या डोळ्यांतून खूप अश्रू वाहत होते.' उस्ताद आधी 'खूप' काढील, कारण 'वाहत होते' यात ते आलंच. मग 'डोळ्यांतून' काढील, कारण अश्रू आणखी कुठून वाहणार? उरलं, 'माझे अश्रू वाहत होते'. मग तो शांतपणे विचारील, यात नवं काय सांगितलंस? पहिल्या दोन दुरुस्त्या कारागिरीच्या, तिसरी मात्र कवी घडवणारी. कविता शिकवता येते का, या प्रश्नाचं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. शब्द काढायला शिकवता येतं. तिसरा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवयही लावता येते. त्याचं उत्तर ज्यानं त्यानं शोधायचं.

या पद्धतीतून साखळ्या तयार झाल्या. दिल्लीचे शाह नसीर, त्यांच्याकडे काही काळ शिकलेले जौक, जौक यांचे शागिर्द दाग आणि दाग यांच्याकडे पत्रानं गझला पाठवणारे तरुण इक्बाल. गायकीच्या घराण्यासारखीच ही साखळी. ज्याला असा उस्ताद नसे त्याला 'बेउस्ताद' म्हणून हिणवलं जाई. ही हेटाळणी कुणाच्या वाट्याला यावी? खुद्द मिर्झा गालिबच्या! आपण अब्दुस्समद नावाच्या इराणी विद्वानाकडे फारसी शिकलो, असं गालिब सांगत असे. पण त्याच्या चरित्रकारानं एक गंमत नोंदवून ठेवली आहे. हा उस्ताद काल्पनिक आहे, लोक बेउस्ताद म्हणतात म्हणून त्यांचं तोंड बंद करायला तो निर्माण केला, असंही गालिबच्या तोंडून कधी कधी ऐकायला मिळे. खरंखोटं काही असो. एवढ्या मोठ्या कवीलाही उस्तादाचं नाव गाठीशी असण्याची गरज वाटली, यावरून त्या नात्याचं वजन कळतं.

हाच गालिब पुढे अनेकांचा उस्ताद झाला. १७९७ साली आग्र्यात जन्मलेला हा कवी १८५४ मध्ये जौक यांच्या निधनानंतर बादशहा बहादूरशाह जफरचा उस्ताद झाला. हे पद तीनच वर्षं टिकलं. १८५७च्या उठावानंतर बादशाहीच संपली आणि जफरला रंगूनला नेण्यात आलं. दरबार गेला, पगार गेला, इंग्रजांकडून मिळणारं पेन्शनही काही काळ थांबलं. तेव्हा गालिबला आधार दिला तो शागिर्दांनी. रामपूरचे नवाब यूसुफ अली खाँ त्याच्याकडून कविता दुरुस्त करून घेत. त्यांनी १८५९ पासून दरमहा शंभर रुपये सुरू केले. सिकंदराबादचे मुन्शी हरगोपाल 'तफ्ता' हे तर वयानं जवळपास गालिबच्या बरोबरीचे, जातीनं कायस्थ आणि फारसीत लिहिणारे. गालिब त्यांना लाडानं 'मिर्झा तफ्ता' म्हणे. त्यांच्या नावे गालिबनं लिहिलेली पत्रं आज उर्दू गद्याचा ठेवा मानली जातात. उठावाच्या दिवसांवर गालिबनं लिहिलेलं 'दस्तंबू' हे पुस्तक १८५८ मध्ये आग्र्यात छापलं गेलं, तेव्हा छपाईवर देखरेख ठेवणाऱ्यांत हे तफ्ताच होते.

इथे टपालखात्याचे आभार मानायला हवेत. १८५४ मध्ये हिंदुस्थानभर एकाच दराची टपालव्यवस्था आली आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र कुठेही जाऊ लागलं. गझला पाकिटातून दिल्लीला येत आणि दुरुस्त होऊन परत जात. गालिबनं पत्रानं शिकवलं आणि शिकवता शिकवता समोर बसून बोलल्यासारखं गद्य लिहिलं. त्याची पत्रं 'ऊद-ए-हिंदी' आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' या नावांनी १८६८ व १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. अखेरच्या दिवसांत त्याला ऐकू येईना, नजर आणि हात साथ देईनात. कृपा करून आता इस्लाहसाठी कविता पाठवू नका, असं त्यानं वर्तमानपत्रांतून कळवलं. तरी कविता येतच राहिल्या. १५ फेब्रुवारी १८६९ रोजी दिल्लीत तो वारला.

आता शिष्यांनी काय केलं ते पाहू. आधी गालिबच्या प्रतिस्पर्ध्याची, जौकची गोष्ट. जौकचे शागिर्द होते मुहंमद हुसेन आझाद. १८५७च्या सप्टेंबरात इंग्रज फौज दिल्लीत पुन्हा शिरली आणि घरं रिकामी करवू लागली. शिपाई घरात घुसले तेव्हा आझादांनी भरलं घर सोडलं आणि हाती घेतलं ते उस्तादाच्या गझलांचं बाड. घरातल्या वस्तू पुन्हा मिळवता येतील, पण उस्ताद पुन्हा येऊन या गझला लिहिणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. त्यांचे वडील मौलवी मुहंमद बाकर 'दिल्ली उर्दू अखबार'चे संपादक. त्यांना इंग्रजांनी ठार केलं. असा सारा आधार तुटलेला माणूस कागदांचं एक बाड घेऊन शहराबाहेर पडतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की गुरुभक्ती या शब्दाचा अर्थ कळतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. आझादांनी पुढे लाहोरात राहून १८८० मध्ये 'आब-ए-हयात' हा उर्दू कवींचा प्रसिद्ध इतिहास लिहिला आणि त्यात जौकला फार उंच आसनावर बसवलं. नंतर जौकचा दिवानही संपादित केला. अभ्यासकांनी तो बारकाईनं तपासला तेव्हा आक्षेप निघाला, की यातल्या काही ओळी उस्तादाच्या नसून शागिर्दाच्या हातच्या आहेत. जौकच्या उरलेल्या कच्च्या मजकुराला आझादांनी स्वतःच रूप दिलं. म्हणजे उस्ताद हयात नसताना शागिर्दानं उस्तादाचीच इस्लाह केली! यात लबाडीपेक्षा माया अधिक असावी असं मला वाटतं. आपला माणूस अधिक चांगला दिसावा, असं कुणाला वाटत नाही? पण त्यामुळे झालं काय, की ज्या हातांनी त्या गझला वाचवल्या त्याच हातांमुळे त्यांच्याविषयी शंका निर्माण झाली.

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. मला स्वतःला लिहायला ज्यांनी शिकवलं ते सर काही वर्षांपूर्वी गेले. ते शिसपेन्सिलीनं दुरुस्त करत, शाईनं कधीच नाही. लिहिणाऱ्याला पटलं नाही तर त्याला खोडता यावं म्हणून. विशेषणांवर त्यांचा विशेष राग. एका वाक्यात दोन विशेषणं आली की समासात छोटं प्रश्नचिन्ह उमटे. त्यांच्या शोकसभेत मात्र विशेषणांचा पाऊस पडला. ज्ञानतपस्वी झाले, दीपस्तंभ झाले, चंदनासारखे झिजलेले झाले. स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं आणि तीन रात्री मी एक वाक्य लिहू शकलो नाही. जे सुचे ते सरांनी खोडलं असतं, हे लिहितानाच कळत होतं. आणि हे बरोबर झालंय का, असं ज्यांना विचारायचं तेच नव्हते.

तेव्हा मी कपाटातून काढला तो हालीचा मर्सिया. अल्ताफ हुसेन हाली मूळचे पानिपतचे, जन्म १८३७चा. कोवळ्या वयात लग्न झालं, पण शिक्षणाच्या ओढीनं घरातून न सांगता निघून ते दिल्लीत आले. तिथे गालिबच्या घरी जाऊन ते त्याच्याच दिवानातल्या अवघड शेरांचे अर्थ त्याला विचारत. गालिब कुणाला कविता करण्याचा सल्ला सहसा देत नसे. या मुलाला मात्र त्यानं सांगितलं, की तू लिहिलं नाहीस तर स्वतःवरच अन्याय करशील.

मर्सिया म्हणजे शोककाव्य. उर्दूत हा शब्द मुख्यतः करबलाच्या हौतात्म्यावरच्या कवितांसाठी रूढ होता. लखनौच्या अनीस आणि दबीर या कवींनी तो प्रकार शिखरावर नेला. हालीनं तो आपल्या उस्तादासाठी वापरला. भाषा साधी, घरातलं माणूस गेल्यावर बोलतो तशी. या कवितेत गालिबच्या थोरवीची वर्णनं आहेत, त्याच्या विनोदाची, त्याच्या बोलण्याची आठवण आहे, आणि उजाड झालेल्या दिल्लीचं दुःखही आहे. पण माझ्या मनात रुतून बसली ती एक वेगळीच जागा. उस्तादाचे स्नेही त्याच्यासाठी शोककाव्यं लिहायला बसले आहेत. सवयीप्रमाणे ती कुणाला तरी दाखवून दुरुस्त करून घ्यायची आहेत. पण ज्या घरी न्यायची ते घरच उरलेलं नाही.

लिहायला शिकवणाऱ्याच्या मृत्यूचं दुःख इतरांच्या मृत्यूहून वेगळं कसं, ते हालीनं इथे नेमकं पकडलं आहे. आई गेली, मित्र गेला, की माणूस कविता लिहितो आणि उस्तादाला दाखवतो. उस्ताद गेला की त्याच्यावर लिहिलेली कविता ही शिष्याची पहिली न तपासलेली कविता असते. तिच्यातल्या चुका आता कायम राहणार, आणि त्या शिष्याच्या स्वतःच्या असणार. तो पोरका होतो आणि त्याच क्षणी स्वतंत्रही होतो. स्मरणिकेसाठी मी अखेर सरांच्या पेन्सिलीवर आणि समासातल्या त्या प्रश्नचिन्हांवर लिहिलं. विशेषण एकही वापरलं नाही.

गालिबच्या दुसऱ्या एका शागिर्दानं अगदी वेगळ्या तऱ्हेनं ऋण फेडलं. मीर मेहदी 'मजरूह' हे त्याचं नाव. दिल्लीत हजरत निजामुद्दीन दर्ग्याजवळ गालिबची कबर आहे. तिच्यावर मजरूह यांनी रचलेल्या ओळी कोरलेल्या आहेत. त्यांचा प्रकार 'तारीख'. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला आहे; अलिफचा १, काफचे २०, तेचे ४००, खेचे ६००. असे शब्द निवडायचे की त्यांतून अर्थही निघावा आणि अक्षरांची बेरीज केली की घटनेचं वर्षही. मजरूह यांच्या ओळींत ते स्वतः उस्तादाच्या कबरीशी विचारात बसले आहेत, आणि त्यांना जे छोटंसं वाक्य सुचतं ते सांगतं, की या मातीखाली अर्थाचं भांडार पुरलेलं आहे. त्या वाक्यातला शेवटचा शब्द 'खाक', म्हणजे माती. खे, अलिफ, काफ : ६००, १ आणि २०, मिळून ६२१. बाकीच्या शब्दांचे ६६४. बेरीज १२८५, आणि हिजरी १२८५ हेच गालिबच्या मृत्यूचं वर्ष. मी कागद-पेन्सिल घेऊन ही बेरीज केली आहे. ती एकानंही चुकत नाही. दुःखात असताना अक्षरांचा हिशेब कसला करायचा, असं आपल्याला वाटेल. पण ज्यानं आयुष्यभर मात्रा मोजायला शिकवलं त्याला निरोप देताना हिशेब चोख असणं, हीच शागिर्दाची श्रद्धांजली.

हाली मर्सियावर थांबले नाहीत. गालिबच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८९७ मध्ये, त्यांनी 'यादगार-ए-गालिब' हे चरित्र प्रसिद्ध केलं. मला हे पुस्तक उस्तादाला वाहिलेलं सर्वांत मोठं फूल वाटतं, आणि त्याचं कारण त्यातली स्तुती नव्हे. गालिबचं मद्यपान, कर्ज, जुगाराच्या खटल्यात १८४७ मध्ये झालेला तुरुंगवास, पेन्शनसाठी केलेली वणवण, हालीनं काही लपवलं नाही. उलट स्वतःच्या तरुणपणातला अतिउत्साहही सांगून टाकला. धार्मिक वृत्तीच्या या तरुणानं एकदा वृद्ध उस्तादाला पाच वेळच्या नमाजाविषयी लांबलचक उपदेश लिहून दिला होता. त्यावर गालिबनं स्वतःवरच असे कोरडे ओढले की उपदेश करणाराच ओशाळला. हालीनं हा प्रसंग झाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पुस्तकात गालिबच्या मिश्किलपणाचे कितीतरी किस्से आहेत. आज आपण गालिबविषयी जे विनोद एकमेकांना सांगतो त्यांतले बरेच हालीनं टिपून ठेवलेले आहेत. आणि ज्या अवघड शेरांचे अर्थ त्या मुलानं एकेकाळी विचारून घेतले होते, त्यांतल्या अनेकांचं विवरण साठीतल्या हालीनं इतरांसाठी लिहून ठेवलं.

आझाद आणि हाली यांची तुलना करून एकाला उणं ठरवण्याचं कारण नाही. १८७४ मध्ये लाहोरात नव्या धर्तीच्या कवितेच्या बैठका सुरू झाल्या, तेव्हा प्रतिस्पर्धी उस्तादांचे हे दोन शागिर्द तिथे एकत्र काम करत होते. दोघांनीही उस्तादावर प्रेम केलं. एकानं उस्तादाला अधिक सुंदर करायचा प्रयत्न केला, दुसऱ्यानं होता तसा दाखवला. काळानं अधिक विश्वास दुसऱ्यावर ठेवला, एवढंच.

हालीची आणखी एक गोष्ट विसरू नये. त्यांनी गालिबसारखं लिहिलं नाही. गालिबचा शेर उलगडायला अवघड. हालीची 'मुसद्दस' ही १८७९ची दीर्घ कविता सामान्य माणसाला कळावी अशा भाषेतली. चांगल्या उस्तादाची हीच खूण असावी. इक्बालचं उदाहरण असंच आहे. सियालकोटचा हा तरुण आपल्या गझला हैदराबादेत दाग देहलवींकडे पाठवत असे. दाग म्हणजे निजाम महबूब अली खाँ यांचे उस्ताद. आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्याच्या राजधानीतून त्यांची इस्लाह टपालानं पंजाबात जाई. थोड्याच काळात दागनी कळवलं, की आता दुरुस्तीला फारसा वाव राहिलेला नाही. शिकवणाऱ्यानं 'आता माझी गरज नाही' असं आपण होऊन म्हणणं, ही सोपी गोष्ट नव्हे. १९०५ मध्ये दाग गेले तेव्हा इक्बालनं त्यांच्यावर शोककाव्य लिहिलं. ते पुढे 'बांग-ए-दरा' या १९२४च्या संग्रहात आलं. दागचं सगळं मन प्रेमाच्या लटक्या रुसव्या-फुगव्यांत, इक्बालचं तत्त्वज्ञानात. तरी त्या कवितेत, प्रेमाचं असं चित्र आता कोण रेखाटणार, ही हळहळ आहे. आपण ज्या वाटेनं जाणार नाही त्या वाटेचीही थोरवी मानणं याला मोठं मन लागतं.

याच इक्बालची एक हकीकत सांगितली जाते. सरकारनं 'सर' ही पदवी देऊ केली तेव्हा त्यांनी आपले सियालकोटचे शिक्षक मीर हसन यांनाही सन्मान मिळावा असा आग्रह धरला. त्यांनी कोणती पुस्तकं लिहिली आहेत, असं विचारण्यात आलं. त्यांचं पुस्तक मीच, असं इक्बालांचं उत्तर होतं. मीर हसन यांना 'शम्स-उल-उलेमा' ही पदवी मिळाली.

शब्दांइतकीच चित्रकारांनी आणि शिल्पकारांनीही या उस्तादाची आठवण ठेवली. लाहोरचे चित्रकार अब्दुर्रहमान चुगताई यांनी १९२८ मध्ये 'मुरक्का-ए-चुगताई' हा गालिबच्या कवितेवरच्या चित्रांचा ग्रंथ काढला. त्याला प्रस्तावना इक्बालांची. १९५२ मध्ये आपल्या टपालखात्यानं संतकवींची तिकिटं काढली, त्यांत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास आणि टागोरांबरोबर गालिबचं तिकीट होतं. ज्यानं टपालानं शिकवलं तो तिकिटावरच येऊन बसला!

गुलजारांनी १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी 'मिर्झा गालिब' ही मालिका केली, ती अनेकांना आठवत असेल. गालिबच्या घरी नोकर होते, त्यांच्यातलाच मी एक, असं गुलजार गमतीनं सांगत असतात. जुन्या दिल्लीत बल्लीमारानच्या गली कासिम जानमधल्या हवेलीत गालिबचे शेवटचे दिवस गेले. अनेक वर्षं तिथे दुकानदारी चालत होती. २००० साली तिचा काही भाग स्मारक म्हणून खुला झाला. तिथे २०१० मध्ये गालिबचा एक अर्धपुतळा बसवण्यात आला. तो करवून घेतला गुलजारांनी आणि घडवला सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी. मुंबईच्या शेअर बाजारासमोरचा तो मस्तवाल बैलही रामपुऱ्यांचाच. एक उर्दू कवी, त्याचा पंजाबी भक्त आणि सोलापूरचा शिल्पकार असे दिल्लीच्या त्या गल्लीत भेटतात.

इस्लाहची ही परंपरा आपल्या मराठीतही आली. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' दिली. पण मराठीत गझलेचा खऱ्या अर्थानं उस्ताद झाला तो सुरेश भट. अमरावतीत १५ एप्रिल १९३२ रोजी जन्मलेल्या या कवीनं स्वतः उत्तम गझला लिहिल्याच, शिवाय नवोदितांना शिकवायचं व्रत घेतलं. खेड्यापाड्यांतून पोरं गझला पाठवत आणि भट त्यांना पत्रानं दुरुस्त्या कळवत. सगळ्यांना एकाच वेळी सांगता यावं म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका लिहिली. मतला म्हणजे काय, काफिया कसा सांभाळायचा, अलामत कुठे बिघडते, हे त्यांनी शाळेतल्या मास्तरांसारखं सोपं करून सांगितलं. मास्तर तर ते होतेच. १४ मार्च २००३ रोजी ते गेले. नागपुरात २०१७ मध्ये त्यांच्या नावाचं भव्य सभागृह उभं राहिलं, ते चांगलंच झालं. पण त्यांचं खरं स्मारक म्हणजे आज महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी भरणारा गझल मुशायरा. तिथे विशीतला मुलगा मात्रा न चुकवता शेर वाचतो, तेव्हा ती बाराखडीच बोलत असते.

दुरुस्ती करणाऱ्याचं एक दुर्दैव असतं. गझल छापून येते तेव्हा वाचकाला अंतिम ओळ दिसते. ती कुणी खोडली, कुणी एक शब्द बदलून तिच्यात जीव आणला, हे दिसत नाही. काम जितकं चोख तितका करणारा अदृश्य. म्हणून हालीनं लिहिलं नसतं, मजरूहनं कोरवलं नसतं, तर गालिब कवी होता एवढंच आपल्याला ठाऊक राहिलं असतं. तो शिकवायचा कसा, हे कळलं नसतं.

तुमच्यापैकीही कुणाला कुणीतरी लिहायला शिकवलं असेल. शाळेतल्या बाई असतील, वर्तमानपत्रातले जुने उपसंपादक असतील, पत्र तपासून देणारे वडील असतील. जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. समासात कुणाचं अक्षर असेल तर ते पान काढून ठेवा, आणि त्या माणसाविषयी चार ओळी लिहा. त्या सुंदर नसल्या तरी चालेल, खऱ्या असू द्या. आणि तो माणूस हयात असेल, तर त्याला आधी वाचायला द्या. एखादा शब्द खोडील कदाचित. खोडू द्या.